बोडका डोंगर आणि जांगल देश

बीड जिल्ह्यात ‘गड’ हा शब्द जरा वेगळ्या अर्थाने चालतो. इथल्या गडांवर बुरूज नाहीत, तटबंदी नाही, तोफा नाहीत. गहिनीनाथगड, मच्छिंद्रनाथगड ही मठांची आणि समाध्यांची ठिकाणे आहेत. बीड तालुक्यातला नारायणगडही त्यांतलाच. नारायणगड म्हटल्यावर पुण्याकडच्या गिर्यारोहकाला जुन्नरजवळचा किल्ला आठवतो. बीडच्या माणसाला मात्र आठवतात नगद नारायण महाराज आणि एकादशीची गर्दी. ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही त्यांनी इथे माथा टेकवावा, म्हणून या जागेला ‘धाकटी पंढरी’ असे नाव पडले आहे.

असा कुठलाही गड चढून वर आले आणि चौफेर पाहिले की बालाघाटचे डोंगर दिसतात. माथे सपाट, उतार पिवळट, मधूनमधून काळ्या खडकाच्या पट्ट्या आणि इतस्ततः विखुरलेली काटेरी झाडे. वैशाखात तर हे डोंगर अक्षरशः बोडके दिसतात. बाहेरून आलेला पाहुणा हटकून दोन प्रश्न विचारतो. इथे पूर्वी दाट जंगल असेल ना? आणि मग आता झाडे का लावत नाहीत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे गृहीत धरूनच दुसरा प्रश्न येतो. गेली चाळीस-पन्नास वर्षे या डोंगरांवर जे काही केले गेले ते याच गृहीतावर. ते तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

झाडे लावण्याची ओढ कुठून येते ते आधी समजून घ्यायला हवे. बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात वनाच्छादन तीन टक्क्यांपेक्षा कमी. सह्याद्रीने ढग अडवल्यावर जो पाऊस उरतो तो इथे पोचतो. सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर, तोही लहरी. १९७२ चा दुष्काळ अजून घरोघर सांगितला जातो. २०१२-१३ आणि २०१५-१६ ही वर्षे तर कालपरवाची. दर दसरा-दिवाळीला ऊसतोडीसाठी कोयते बाहेर पडतात आणि अर्धी गावे ओस होतात. अशा मुलखातल्या माणसाने हिरव्या डोंगराचे स्वप्न पाहिले तर त्याला नावे ठेवायचे कारण नाही. झाड लावले की पाऊस येतो हे समीकरण शास्त्रज्ञ वाटते तितके सरळ मानत नाहीत, पण ते दुःखातून आलेले समीकरण आहे.

आता पहिला प्रश्न. बालाघाटात जंगल होते का? दऱ्याखोऱ्यांत होते, आणि काही ठिकाणी अजून आहे. पाटोदा तालुक्यात सौताड्याच्या धबधब्याखाली, मांजरसुंब्याजवळ कपिलधारच्या कपारीत, जिथे माती साचली आणि ओल टिकली तिथे उंबर, करंज, जांभूळ अशी सावलीची झाडे उभी आहेत. घळीतली अशी कित्येक झाडे सरपणासाठी, कोळशासाठी, औतांसाठी तुटली हेही खरे. पण घळ म्हणजे डोंगर नव्हे. उताराची आणि माथ्याची कहाणी वेगळी आहे.

बालाघाट हा दख्खनच्या लाव्हाच्या थरांचा डोंगर. सखल भागात काळी कसदार माती कित्येक फूट खोल असते. उतारावर मात्र वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कातळ. जूनमध्ये पाऊस पडतो, वरची वीतभर माती भिजते, आणि ऑक्टोबरनंतर ती पुन्हा कोरडी ठणठणीत होते. या वीतभर ओलीसाठी गवत आणि झाड यांच्यात स्पर्धा असते. गवताची मुळे वरच्या थरात जाळ्यासारखी पसरतात आणि चार महिन्यांत काम उरकून घेतात. झाडाला बारमाही जगायचे असते, म्हणून त्याला कातळातली फट शोधावी लागते. जितक्या फटी, तितकी झाडे. बालाघाटाच्या उतारावर झाडे विरळ का दिसतात, याचे निम्मे उत्तर या मुरमात आहे.

उरलेले निम्मे पावसात. महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. आफ्रिकेतल्या गवताळ रानांतील ८५४ ठिकाणांची माहिती त्यांनी एकत्र केली होती. वर्षाला सुमारे ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर झाडांची दाटी किती होणार हे पाऊसच ठरवतो, असे त्यातून दिसले. आगी थांबवा, गुरे हाकलून द्या, तरी झाडांचे छत मिटत नाही. त्याहून अधिक पाऊस असेल तर मात्र झाडांना आटोक्यात ठेवण्याचे काम वणवा आणि चरणारी जनावरे करतात. आफ्रिकेचा आकडा जसाच्या तसा बीडला लावता येणार नाही; माती वेगळी, पावसाचे दिवस वेगळे. तरी आपला जिल्हा नेमका त्या सीमारेषेवर बसलेला आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. इथे घनदाट अरण्य हा निसर्गाचा सहज कल नाही.

अशा रानाला शास्त्रज्ञ ‘सॅव्हाना’ म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्याला सिंह आणि जिराफ दिसतात, म्हणून तो परका वाटतो. आपल्याकडे त्याला साधा शब्द आहे: माळ, माळरान. जंगल आणि माळ यांतला फरक झाडे मोजून कळत नाही. झाडांखाली काय आहे ते पाहावे लागते. छत मिटलेले असेल, खाली सावली आणि पालापाचोळा असेल तर ते जंगल. झाडांखालीही ऊन पोचत असेल आणि त्या उन्हात गवत उगवत असेल तर तो माळ, मग त्यावर झाडे पाच असोत की पाचशे.

हा माळ माणसाने जंगल तोडून बनवला असेल, अशी शंका कोणालाही येईल. वनखात्याच्या जुन्या वर्गीकरणातही तीच धारणा डोकावते. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातील वनप्रकारांची जी मांडणी केली तीच आजही प्रमाण मानली जाते, आणि तिच्यात अशी बरीचशी काटेरी झुडुपी राने ही अधिक दाट वनाची बिघडलेली अवस्था म्हणून नोंदली गेली आहेत. पण पुरावे मागे-मागे न्यावेत तसे वेगळेच चित्र दिसू लागते. चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली; त्यांतल्या एकावर कोरीव नक्षीही आहे. पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचा हा काळ. शेतीचा तेव्हा पत्ता नव्हता. शहामृग दाट झाडीत राहत नाही; त्याला पळायला मोकळे रान लागते. पाटणे बालाघाटापासून दूर असले तरी दख्खनच्या त्याच कोरड्या पट्ट्याच्या कडेवर आहे.

त्याहून नवलाची साक्ष भाषेची आहे. ‘जंगल’ हा शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो तो तुलनेने अलीकडचा. आयुर्वेदात देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत: आनूप, जांगल आणि साधारण. आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा. जांगल म्हणजे कोरडा, मोकळ्या आकाशाचा, विरळ आणि काटेरी झाडांचा, हरणांचा देश. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने या एका शब्दाचा माग घेत एक अख्खे पुस्तक लिहिले. म्हणजे मूळचे ‘जांगल’ हे घनदाट अरण्याच्या जवळजवळ उलट होते. चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल देशातल्या झाडांची यादी आहे. तिच्यात खदिर, धव, शल्लकी, बदरी, तिंदुक, शमी ही नावे येतात. मराठीत म्हणायचे तर खैर, धावडा, सालई, बोर, टेंभुर्णी, शमी. बालाघाटचा कुठलाही जाणता गुराखी ही यादी ऐकून ‘ही तर आमचीच झाडं’ म्हणेल. जंगल नाही म्हणून आपण ज्या डोंगराची कीव करतो तोच शब्दाच्या मूळ अर्थाने अस्सल जांगल आहे, हे कळल्यावर गंमत वाटते आणि थोडे ओशाळायलाही होते.

मराठी साहित्याचीही साक्ष काढली गेली आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी ग्रंथ, संतचरित्रे, ओव्या आणि लोककथा चाळून त्यांत आलेल्या रानटी वनस्पतींची नोंद केली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार अशा वनस्पतींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश माळरानाची खूण सांगणाऱ्या आहेत. दाट जंगलाच्या अगदी थोड्या. पश्चिम महाराष्ट्रातला हा कोरडा टापू इंग्रजांच्या कुऱ्हाडीने उजाड झाला ही समजूत त्यामुळे टिकत नाही. इंग्रज येण्याच्या पाचशे वर्षे आधीही लोक बाभळी, बोरी आणि पळस यांच्यातच राहत होते. साहित्याच्या वाचकांना हा मार्ग नवा वाटणार नाही. आपण ज्ञानेश्वरकालीन शब्द शोधतो, त्यांनी ज्ञानेश्वरकालीन झुडपे शोधली.

पंढरपूरला विठ्ठलमंदिरात कान्होपात्रेची आठवण म्हणून जे झाड दाखवतात ते तरटीचे. तरटी हे माळावरचे काटेरी, वेडेवाकडे झाड. (तरोटा वेगळा; तो पावसाळ्यात उकिरड्यावर येतो आणि त्याची भाजी करतात.) वड, पिंपळ, औदुंबर अशा भारदस्त मंडळींना सोडून परंपरेने तिच्या समाधीवर तरटी उगवली असे सांगावे, यात त्या परिसराच्या रानाची ओळख आहे. धाकट्या पंढरीच्या उतारांनाही तरटी परकी नाही. मात्र रोपवाटिकेत ती मागून पाहा. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज मिळतील. तरटी, हेकळ, हिवर यांची रोपे मागणारा माणूसच विरळा.

गावांच्या नावांचाही कोणी असाच विचार करावा. पिंपळनेर, लिंबागणेश, चिंचवण, वडवणी ही नावे वाचताच झाड डोळ्यांपुढे येते; पण ही पाण्याजवळची, पारावरची, राखलेली झाडे आहेत. हिवरसिंगा, बोरीसावरगाव या नावांत माळावरची झाडे दिसतात. नावांवरून इतिहास सिद्ध होत नाही, तरी एखाददुसऱ्या झाडावरून गाव ओळखले जाई एवढे ती सांगतात. घनदाट अरण्यात कोण एका पिंपळाची खूण सांगेल?

याचा अर्थ आजचा बोडका डोंगर जसा आहे तसाच चांगला, असा कोणी काढू नये. बिघाड झालेला आहे, तो आपण पाहतो त्या ठिकाणी नाही एवढेच. आपण झाडे मोजतो. बिघडले आहे गवत. चांगल्या राखलेल्या बालाघाटी माळावर पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी अशी बहुवर्षायू गवते असतात. त्यांच्या गड्ड्यांनी माती धरून ठेवलेली असते आणि गुरे ती आवडीने खातात. चराई वाढली की आधी हीच संपतात, कारण गुरे हीच आधी खातात. त्यांच्या जागी कुसळी येते. ती कोवळी असताना चालते, पण कुसळे धरल्यावर जनावर तोंड लावत नाही. चराई आणखी वाढली की कुसळीही हटते आणि एका पावसाळ्याचे सोबती असलेले तण उरते: तरोटा, आणि पुण्यात १९५० च्या दशकात पहिल्यांदा दिसलेले व आता बांधाबांधावर माजलेले गाजरगवत. त्यानंतर मातीच वाहून जाते. हा जिना एकेक पायरी उतरत जातो आणि दुरून डोंगर पाहणाऱ्याला तो दिसतच नाही, कारण श्रावणात सगळेच हिरवे असते.

उतरणीला लागलेल्या अशा डोंगरावर आपण काय केले? गिरीपुष्प लावले. बालाघाटच्या कितीतरी उतारांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी फुलांचे जे पट्टे दिसतात ते याचेच. लोक त्याला उंदीरमारी म्हणतात, आणि ते नाव थेट त्याच्या शास्त्रीय नावाचा अनुवाद वाटावा असे आहे: ‘ग्लिरिसिडिया’ म्हणजे लॅटिनमध्ये उंदीर मारणारी. मेक्सिको आणि मध्य अमेरिका हे त्याचे माहेर. तिथे त्याच्या बिया आणि साल धान्यात मिसळून उंदरांना घालत, आणि कोकोच्या बागेत सावलीला हे झाड लावत. झाड गुणी आहे यात शंका नाही. फांदी खोचली तरी रुजते, हवेतला नत्र मुळांशी साठवते, पाल्याचे उत्तम खत होते, तोडले तरी फुटते. शेताच्या बांधावर ते असायलाच हवे.

डोंगरावर त्याला पसंती मिळाली ती एका वेगळ्याच गुणामुळे. त्याला शेळी सहसा तोंड लावत नाही. जिथे रोप लावल्यावर कुंपण घालायला आणि राखणदार ठेवायला पैसा नसतो, तिथे न खाल्ले जाणारे रोप हेच जगलेले रोप. कागदावर जगलेल्या रोपांची टक्केवारी चांगली दिसते. पण जे झाड शेळी खात नाही ते त्या डोंगराच्या भोवतालच्या माणसांच्या काय उपयोगाचे, हा प्रश्न त्या टक्केवारीत येत नाही. झाडे दाट झाली की खाली सावली पडते आणि उन्हावर जगणारे पवन्या-मारवेल मागे हटते. डोंगर हिरवा होतो आणि चारा कमी होतो. सुबाभळीचा असाच गाजावाजा १९८० च्या आसपास झाला होता. ती निदान जनावरे खातात. नाल्यांच्या काठाला वेडी बाभूळ घुसली ती वेगळीच.

राज्य पातळीवर तर आकड्यांचीच शर्यत लागली. २०१६ साली एका दिवसात दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला. पुढे २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी. किती जगली यावर नंतर पुष्कळ वाद झाले. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो जागेचा प्रश्न. एवढी रोपे लावायची तर मोकळी जागा हवी, आणि मोकळी जागा म्हणजे माळ. सरकारी नकाशांत तो ‘पडीक’ या सदरात पडतो. जी जमीन पडीक ठरली तिच्यावर काहीही आणता येते: रोपवन, पवनचक्की, सौर पट्ट्या. ती आधीच कोणाच्या तरी कामाची आहे हे त्या एका शब्दाने पुसले जाते.

बीडजवळ पालवणच्या डोंगरावर जो प्रयोग झाला तो या सगळ्यात वेगळा आणि अधिक जिव्हाळ्याचा. अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप यांच्या पुढाकाराने, वनखात्याच्या सोबतीने तिथे ‘सह्याद्री देवराई’ उभी राहिली. १३ आणि १४ फेब्रुवारी २०२० रोजी याच डोंगरावर पहिले वृक्षसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद एका वडाला देण्यात आले. साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून होणारी भांडणे पाहिलेल्या वाचकांना या निवडीचे मोल कळेल. देशी झाडे लावा हा आग्रह त्या मंडळींनी धरला, हजारो शाळकरी मुलांना झाडांची नावे सांगितली. हे काम मोठे आहे.

तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक नावाची. देवराई हा सह्याद्रीतला शब्द आणि सह्याद्रीतली गोष्ट. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवराया हिंडून जे लिहिले त्यात हे स्पष्ट होते की देवराई कोणी लावत नाही. ती तोडली जात नाही, म्हणून असते. तिथे पाऊस दोन-तीन हजार मिलिमीटर. नुसते हात आवरले की अरण्य टिकते. बालाघाटात हात आवरले तर जे टिकेल ते बहुतेक काटेरी झाडांचा माळ असेल. त्यालाही देवाच्या नावाने राखायला काय हरकत आहे? देवाचे रान दाटच असावे असे कुठे लिहिलेले नाही.

दुसरी गोष्ट आगीची. २०२१ च्या उन्हाळ्यात पालवणच्या या राईला वणवा लागला आणि लावलेली पुष्कळ झाडे होरपळली. लोक हळहळले, आणि ते स्वाभाविक होते. वणवा माळाला नवा नसतो. गवताचा डोळा जमिनीलगत असतो. वरची वाळकी पाती जळली तरी पहिल्या वळवाने ते पुन्हा फुटते. पळसाचे, टेंभुर्णीचे रोपटे वर जळाले तरी जमिनीखाली मूळ जाड करत बसते आणि एखाद्या बऱ्या वर्षी आगीच्या टप्प्याच्या वर डोके काढते. आग सोसण्याची ही विद्या त्यांच्यात लाखो वर्षांत मुरलेली आहे. पाण्याच्या काठच्या झाडांना ती नसते. म्हणून माळावर ती लावली की वर्षानुवर्षे पाणी द्यावे लागते आणि जाळरेषा काढाव्या लागतात. वणवे लावणाऱ्यांची तरफदारी नाही. आजच्या बहुतेक आगी माणूसच लावतो आणि त्या फार वारंवार लागतात. पण झाड निवडताना आगीचा हिशेब धरायलाच हवा.

मग परके झाड वाईट आणि देशी चांगले, असे सरळ सूत्र मांडावे का? बालाघाटात ते मांडायला गेले की सीताफळ आडवे येते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. धारूरच्या आणि आसपासच्या डोंगरांत ते आपोआप उगवते. हंगामात टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांचे चार पैसे त्यावर होतात. नाव सीतेचे, आणि झाड अमेरिकेचे. ते रानात इतके मुरले की परके म्हटले तर भांडण होईल. ते माळ गिळत नाही, गवताला जागा ठेवते, जनावर त्याचा पाला खात नाही पण माणूस फळ खातो आणि पक्षी बी पसरवतात. म्हणजे जन्मदाखला पाहण्यापेक्षा शेजाऱ्यांशी वागणूक पाहावी हे बरे.

माणसाने बदललेल्या उष्णकटिबंधीय रानांचा विचार जगात इतरत्रही याच वळणाने चालला आहे. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटावर ऊस, कॉफी आणि तंबाखूपायी १९४० च्या दशकात सहा टक्क्यांच्या आसपास जंगल उरले होते. पुढे लोक शेती सोडून शहरांत गेले आणि रान परत आले. आज निम्म्याहून अधिक बेट झाडीखाली आहे. गंमत अशी की परत आलेल्या या जंगलात सर्वाधिक संख्या आफ्रिकन ट्युलिपची, म्हणजे आपल्या बागांतल्या पिचकारीच्या झाडाची. एरिअल लुगो या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे दाखवले की या परक्या छताखाली मूळची झाडे हळूहळू उगवून येत आहेत. परके झाड दाईचे काम करते आहे. हे उदाहरण गिरीपुष्पाच्या बाजूने देता येईल. पण त्याच बेटाच्या कोरड्या कोपऱ्यात, ग्वानिकाच्या रानात, जिथे पूर्वी घरे होती तिथे सुबाभूळ माजली आणि चार दशके उलटली तरी तिने जागा सोडली नाही. ओल्या मुलखातला धडा कोरड्या मुलखात उलटा पडतो. बीडने पोर्टो रिकोकडून शिकायचे असेल तर ग्वानिकाकडून शिकावे.

यात पणाला काय लागले आहे? सगळ्यात आधी चारा. २०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. तिथे गुरांना ऊस आणि वाढे घालून जगवले, म्हणजे ज्या पिकाने पाणी प्यायले त्याच पिकावर दुष्काळातली गुरे पोसली. ऊसतोडीला जाणारा माणूस आपली बैलजोडी सोबत नेतो. गाय, म्हैस, चार शेळ्या घरी म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडे असतात. त्यांना गायरानाचा आणि डोंगराचा आधार असतो. धनगरांची मेंढरे तर त्यावरच. उस्मानाबादी शेळी आणि लाल कंधारी गाय याच गवतावर आणि काटेरी पाल्यावर घडलेली जनावरे आहेत. डोंगरावर शेळी न खाणारे झाड दाटले तर त्याचा भुर्दंड सगळ्यात आधी ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांना पडतो.

मग रानातली जनावरे. लांडगा, खोकड, काळवीट ही सगळी मोकळ्या रानाची प्रजा. सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. माळढोक जमिनीवर अंडे घालतो आणि दूरवरचे दिसेल अशीच जागा निवडतो. झाडांची रांग त्याला भिंतीसारखी वाटते. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ सालचे, सुमारे तीस चौरस किलोमीटरचे. मोराला झुडूपही लागते आणि मोकळी जागाही, रात्री बसायला उंच झाड आणि दिवसा चरायला उघडा माळ. नायगावचे मोर टिकवायचे तर हे मिश्रण टिकवावे लागेल.

करायचे काय, याचे एक उत्तर फार लांब नाही. नगरजवळच्या हिवरे बाजारने १९९० च्या दशकात पोपटराव पवारांच्या पुढाकाराने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, समतल चर खोदले, आणि गवत कापून न्यायला मुभा ठेवली. गवत परतले, दूध वाढले. गावाच्या नावातच हिवर आहे हा योगायोग असेल. चराईबंदीची किंमत मेंढपाळ मोजतो हे विसरता कामा नये. म्हणून सगळा डोंगर एकदम बंद करण्यापेक्षा त्याचे तुकडे पाडून एक बंद, दोन चालू असा फेर धरणे अधिक न्यायाचे, आणि गवताच्या दृष्टीनेही तेच शहाणपणाचे. गवताला अधूनमधून चरलेले चालते, सततचे चालत नाही.

आणि जो गिरीपुष्प लागलेला आहे तो? तो उपटायला निघू नये. मुळे हलली तर उतारावरची उरलीसुरली मातीही जाईल. उतारावर आडवे पट्टे धरून तो जमिनीपासून फूटभरावर छाटावा, पाला शेतात खताला न्यावा, छाटलेल्या पट्ट्यात ऊन पोचू द्यावे आणि त्यात पवन्याचे, मारवेलचे बी टाकावे. पाच-सहा वर्षे दर पावसाळ्याआधी छाटणी करावी लागेल, कारण ते फुटतच राहते. मधल्या काळात त्याने साठवलेला नत्र गवताच्या कामी येईल. कातळाच्या फटी पाहून तिथे हिवर, खैर, सालई, तरटी यांचे बी टोचावे. रोपे वाढवून खड्डे खणण्याची घाई नको. वड-पिंपळ-उंबर घळीत आणि पाझराच्या कडेला लावावेत, तिथे ते आपले आपण जगतात. नारायणगडासारख्या ठिकाणी, जिथे देवस्थानाचा शब्द सरकारी फलकापेक्षा लवकर ऐकला जातो, तिथे डोंगराचा एखादा उतार अशा गवतासाठी राखून ठेवायला फार खर्च येणार नाही.

बी गोळा करण्याचा काळ मात्र अडचणीचा आहे. पवन्या आणि मारवेल आश्विन-कार्तिकात पिकतात, पाती तांबूस होतात आणि पंधरवड्याभरात बी झडून जाते. कापणी त्याआधी केली तर पुढल्या वर्षीचे गवत गेले, उशिरा केली तर चाऱ्यातला कस गेला. म्हणून दर चार-पाच कापलेल्या पट्ट्यांमागे एक पट्टा बियांसाठी उभा ठेवायचा असतो. नेमक्या याच पंधरवड्यात टायरगाड्या जुंपून कोयते कारखान्यांकडे निघालेले असतात, आणि विळा धरणारे हात गावात थोडेच उरतात.